दोन बोटं केस

ज्या माणसाच्या स्वतःच्या डोक्यावर केस नाहीत त्याने दुसऱ्याच्या केसांत हात घालू नये, असा कायदा सरकारने करायला हवा. तो नाही, म्हणून काही महिने माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात जास्वंदीचा पाला उकळत असायचा आणि मी चहासाठी गॅस मोकळा होण्याची वाट बघत उभी असायची. पाला उकळणारा माणूस म्हणजे प्लासिड, माझा नवरा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता वाडीत लक्ष घालेल, केळीला पाणी देईल, सोनचाफा वेळेवर बाजारात जाईल. त्याने लक्ष घातलं ते माझ्या डोक्यात.

डोक्याचं आधी सांगते. मी एलिना. आगाशीहून अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं गाव आहे, शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षी मला कॅन्सर झाला. औषधं सुरू झाली आणि कमरेपर्यंतचे केस बघता बघता गेले. आता आजार आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात, शाळा पुन्हा सुरू झाली आहे, आणि डोक्यावर दोन बोटं केस उगवले आहेत. पूर्वीचे सरळ होते, हे कुरळे आहेत. कोकराच्या अंगावर असतात तसे. मला ते फार आवडतात, आरशासमोरून जाताना मी उगाचच थांबते.

आणि जानेवारीत आमच्या मुलाचं, जॅक्सनचं लग्न होतं. मला त्या लग्नात एकच गोष्ट हवी होती. देवळात (आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) मुलाबरोबर जाताना माझ्या डोक्याला फडकं नको होतं. स्कार्फ नको, टोप नको. वर्षभर गावाने मला स्कार्फमध्ये पाहिलं होतं. मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, संपली की बायका माझा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहायच्या आणि मान तिरकी करायच्या. त्यांचं प्रेम होतं, कबूल, पण त्या तिरक्या मानांचा मला वीट आला होता. मला नवऱ्या मुलाची आई म्हणून आत जायचं होतं, पेशंट म्हणून नाही. त्याला दोन बोटं केस पुरेसे होते. फक्त ते लग्नापर्यंत डोक्यावर टिकायला हवे होते.

डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, लहान मुलांचा सौम्य शाम्पू लावा, बाकी काही करू नका. जॅक्सनने बाटली आणून दिली. प्लासिडने चष्मा लावून बाटलीच्या मागचं सगळं बारीक अक्षर वाचून काढलं आणि म्हणाला, "केमिकलने गेलेले केस केमिकलने परत येतात काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे शंभर उत्तरं होती. ती सगळी मी दिली. पालथ्या घड्यावर पाणी.

सुरुवात रिठ्याने झाली. त्याने रिठे भिजवले, कुस्करले, फेस काढला, आणि अर्धा माझ्या डोळ्यांत घातला. त्या दिवशी मी लालभडक डोळ्यांनी शाळेत गेले. सातवीच्या वर्गात एकदम शांतता. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "एलिना, रिपोर्ट कधी आले?" मी म्हटलं, रिपोर्ट नाही, रिठा. त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत तीन जणींचे फोन आले, सगळ्या धीर देत होत्या.

मग शिकेकाई. ती त्याने न गाळता लावली, कारण चोथ्यातच सगळं सत्त्व असतं म्हणे. चोथा माझ्या केसांत राहिला, सत्त्व मोरीच्या नळीत जाऊन बसलं, आणि प्लंबर येईपर्यंत आम्ही सगळे विहिरीवर आंघोळी करत होतो. बेसन आणि दही झालं, ते भिंतीच्या गिलाव्यासारखं वाळलं. तांदळाचं आंबवलेलं पाणी झालं. त्याच्याविषयी एवढंच सांगते की विरारच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

"प्लासिड, हे डोकं माझं आहे," मी दर वेळी सांगायची.

"तुला कळत नाही, एलिना," तो म्हणायचा आणि मोबाइल पुढे करायचा. मोबाइलमध्ये एक बाई असायची, गुडघ्यापर्यंत केसांची. ती हसत हसत कोरफड सोलायची.

"त्या बाईला कॅन्सर झाला होता का?"

"नाही."

"मग तिचं मला काय सांगतोस?"

त्यावर तो दुसऱ्या दिवशी मेथ्या भिजत घालायचा. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली होती. जॅक्सनला मध्ये घातलं तर तो म्हणाला, "मम्मी, पप्पाला काहीतरी काम हवंय, करू दे ना." याच्या बापाला काम हवं म्हणून माझं डोकं! वाडीत गवत छातीपर्यंत वाढलं होतं, तिकडे कोणी काम शोधायला जात नव्हतं.

शेवटी लग्नाच्या आठवड्यात मी त्याला आल्तारासमोर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यासमोर, उभं केलं. घरातल्या मारियामातेसमोर हात वर करून त्याच्याकडून वदवून घेतलं की लग्न होईपर्यंत तो माझे केस कशानेही धुणार नाही. त्याने शपथ घेतली. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि आठवडा खरंच बरा गेला. मी साध्या पाण्याने डोकं धुवत होते, केस मऊ होते, आणि स्वयंपाकघरात चहा वेळेवर होत होता.

लग्नाच्या दिवशी मिस्सा चार वाजता होती. सकाळपासून मांडवात गाव जमलं होतं. पुरुष मटण कापत होते, बायका कांदे चिरत होत्या, कुणीतरी व्हिनेगरची बरणी शोधत होतं. माझी नणंद फ्लॉसी आगाशीहून आली ती एक पुठ्ठ्याचा खोका घेऊनच. खोक्यात टोप होता, काळा, सरळ केसांचा, भांग पाडलेला.

"वहिनी, रागावू नको," ती म्हणाली, "पण फोटो जन्मभर राहतात."

"तो तुझ्या भावाला घाल," मी म्हटलं. "त्याच्या डोक्यावर काहीच नाही, त्याचेही फोटो येणार आहेत."

फ्लॉसीने खोका कपाटावर ठेवला, पण दूर नाही ठेवला.

दुपारी जेवणं उरकली तेव्हा माझे पाय दुखत होते. मागच्या पडवीत खुर्ची होती, तिथे जरा टेकले. तेवढ्यात प्लासिड वाडगा घेऊन आला. वाडग्यात पिवळट लगदा होता.

"शपथ घेतलीस ना?" मी म्हटलं.

"धुण्याची घेतली. हा लेप आहे. केसांना चमक येते. दहा मिनिटं डोळे मिटून बस, तुला विश्रांती पण होईल."

आमच्याकडे केळ्यावर माणसांचा जो विश्वास आहे तो बाहेरच्या माणसाला सांगून कळायचा नाही. पोट बिघडलं, केळं. ताप उतरला, केळं. पाहुणा आला, केळं. पाहुणा निघाला, त्याच्या पिशवीत केळी. त्या मोबाइलमधल्या बाईने केळं लावा म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाने बाजारातलं एखादं पिकून काळं पडलेलं मऊ केळं घेतलं असतं, मिक्सरमधून काढलं असतं, गाळलं असतं. पण प्लासिड वसईचा. मुलाच्या लग्नाला बायकोच्या डोक्यावर ऐरंगैरं केळं कसं चालेल? त्याने वाडीतलं राजेळी काढलं होतं, ज्याची आम्ही सुकवून सुकेळी करतो ते, घट्ट, चिवट, वाळलं की चामड्यासारखं होणारं. आणि ते हाताने कुस्करलं होतं, कारण मिक्सरने सत्त्व जातं.

मला तेव्हा एवढंच कळलं की काहीतरी गार डोक्यावर पसरतंय. ऊन जानेवारीचं होतं, पाय वर घेतले होते, डोळा लागला. मांडवातून कुणीतरी प्लासिडला ताडपत्री बांधायला हाक मारली आणि तो गेला. ताडपत्री बांधून झाली, मग बँडवाल्यांना फोन झाला, मग सिलिंडर बदलून झाला.

मी जागी झाले तेव्हा डोक्यावर टोपी घातल्यासारखं वाटत होतं. हात लावला. लेप कडक झाला होता.

मोरीत जाऊन धुवायला लागले. वरचा थर निघाला, आतला निघेना. सरळ केसांतून कदाचित निघाला असता, पण माझ्या कोकराच्या केसांत प्रत्येक वळणाला केळ्याचा एक तुकडा अडकून बसला होता. पाणी लागलं की तो फुगायचा, ओढला की तुटायचा, आणि तुटून दोन व्हायचे. मी आरशात पाहिलं. दोन तासांनी मला देवळात उभं राहायचं होतं, आणि माझं डोकं त्यावर कुणीतरी केळ्याचा शिरा सांडल्यासारखं दिसत होतं.

फ्लॉसी आत डोकावली आणि किंचाळली, "वहिनी, केसांत अळ्या?"

"केळं!"

ती हळूच म्हणाली, "टोप काढू?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, लग्नघर होतं. मी तशीच ओल्या डोक्याने मागच्या दारी विहिरीपाशी आले आणि प्लासिडला हाक मारली. ती हाक मांडवातल्या कांदे चिरणाऱ्या बायकांनीही ऐकली असणार, कारण सगळ्यांचे आवाज एकदम थांबले.

तो धावत आला. माझ्याकडे पाहून त्याचा चेहरा पडला. "थांब, मी काढतो," म्हणाला आणि खिशातून फणी काढली. टकल्या माणसाच्या खिशात फणी! गेले काही महिने ती माझ्यासाठीच असायची. मला धुण्याच्या दगडावर बसवून तो मागे उभा राहिला आणि विंचरायला लागला. एक हिसका, दोन हिसके. मी ओरडले. मग त्याचा हात थांबला.

मी वळून पाहिलं. फणीच्या दातांत केळं होतं, आणि केळ्यात माझे केस. छोटे छोटे, कुरळे. बरेच होते.

मग माझा तोल सुटला. महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, तुला एक दिवस, एक दिवस सुखाने जाऊ देता आला नाही. मला काय हवं होतं? सोनं मागितलं, साडी मागितली? माझे स्वतःचे दोन बोटं केस घेऊन मुलाच्या लग्नाला जायचं होतं, तेवढं तू होऊ दिलं नाहीस. आजाराने केलं नसतं एवढं तू केलंस.

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलले.

 प्लासिड विहिरीच्या कठड्याला टेकला, फणी हातात तशीच. त्याची मान खाली होती.

"पुन्हा जायला लागले," तो म्हणाला.

"अरे, तू ओढलेस म्हणून गेले!"

"नाही. आधीपासून. मी रोज बघतो ना." त्याने फणीतला एक केस चिमटीत धरला. "तू उठून गेलीस की मी उशी बघतो. आधी काही नसायचं. मग एकेक दिसायला लागला. काल जास्त होते."

 रोज सकाळी मी चहा ठेवायला जायची तेव्हा हा खोलीतच रेंगाळायचा. मला वाटायचं, निवृत्त झाल्यावर आळस आला आहे.

"तुझा आजारही असाच नकळत सुरू झाला ना," तो म्हणाला. "आपलं लक्ष नव्हतं. मग हॉस्पिटलात तू आत, मी बाहेर बाकावर. पिशवी धरून. मला कोणी काही करायला सांगितलंच नाही, एलिना. या वेळी म्हटलं, केस तरी राखू."

माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. माझ्या डोक्यात केळं होतं, राग कुठे जातो? पण आजाराच्या दिवसांत हा माणूस माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता, आणि मी मनात म्हणायची, बरं आहे, याला काही लागत नाही. आणि हा रोज सकाळी उशीवर वाकून, चष्मा लावून, माझं काय होणार ते वाचत होता. मला त्याची दया आली, आणि मला तो आवडला, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला.

"मूर्खा," मी म्हटलं, "केस सगळ्यांचे गळतात. जॅक्सनचे गळतात, फ्लॉसीचे गळतात. ते माझी औषधं घेतात का?"

"तुझे गळू नयेत," तो म्हणाला. लहान मुलाला समजवावं तसं त्याला समजवून उपयोग नव्हता, आणि वेळही नव्हता. मी म्हटलं, "ऊठ. खोबरेल आण."

तेलाने काम केलं. मी ओंजळभर तेल डोक्यात जिरवलं, फ्लॉसी बोटांनी एकेक तुकडा निसटवत गेली आणि कांदे चिरणाऱ्या बायकांना लांबूनच, काही नाही, काही नाही, म्हणत राहिली. केळं निघालं. आता डोकं नुसतं तेलाने थबथबलं होतं.

"शाम्पू आण," मी प्लासिडला म्हटलं. "जॅक्सनने दिलेला. कुठे लपवलास?"

तो जमिनीकडे बघायला लागला.

"प्लासिड?"

"स्कूटर धुतली," तो म्हणाला.

फ्लॉसी तोंडावर पदर धरून आत पळाली. दुष्काळात तेरावा महिना! दुकानात कुणाला पाठवावं तर सगळी पोरं देवळात सजावटीला गेलेली. मी डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "उकळ तुझी शिकेकाई. पण गाळून. दोनदा गाळ. ओढणीतून गाळ. चोथ्याचा एक कण जरी माझ्या डोक्यावर पडला तरी मी हे लग्न सोडून माहेरी जाईन."

त्याने गाळली. तिसऱ्यांदाही गाळली. मी दगडावर वाकून बसले आणि तो तांब्याने ओतत राहिला. चोळणं मी माझ्या हाताने केलं, त्याला करू दिलं नाही. सांगायला मला राग येतो, पण तेल स्वच्छ निघालं.

एका तांब्यानंतर माझ्या तळहातावर काही केस आले. मी हात वर केला.

"हे बघ. नीट बघ. रोज एवढे जाणार, उद्याही जाणार. उशी बघायची नाही आजपासून."

"आणि जास्त गेले तर?"

"तर मी तुला सांगेन. मी सांगेन. उशीला विचारायचं नाही."

त्याने तांब्या खाली ठेवला. मग खाली वाकून, माझ्या कानाशी, अगदी हळू त्याने विचारलं, "परत नाही ना येणार ते दुखणं?"

मी शिक्षिका आहे. पंचवीसेक वर्षं मुलांना सांगत आले आहे, उत्तर येत नसेल तर रकाना कोरा सोडू नका, काहीतरी लिहा. त्या क्षणी काहीतरी म्हणता आलं असतं.

"माहीत नाही, प्लासिड," मी म्हटलं.

हे मी आजवर कुणासमोर बोलले नव्हते, स्वतःसमोरही नाही. त्याचा हात माझ्या ओल्या डोक्यावर होता, तो तिथेच राहिला. मांडवात बँडवाल्यांनी वाद्यं जुळवायला सुरुवात केली.

"ओत," मी म्हटलं. "चार वाजता मिस्सा आहे."

चारला दहा मिनिटं असताना आम्ही देवळाच्या दारात उभे होतो. जॅक्सन मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला त्याचा बाप. केस पुरते वाळले नव्हते, कानाजवळ एक जागा विरळ झाली होती, आणि फ्लॉसीने शेवटच्या क्षणापर्यंत खोका गाडीत ठेवला होता. डोक्याला वारा लागत होता. किती महिन्यांनी लागत होता! गावातल्या बायका जमल्या होत्या, त्यांतली बेटी पुढे आली. वर्षभर हिनेच माझा हात सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवला होता. ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान तिरकी होण्याची वाट बघितली.

"एलिना," ती म्हणाली, "किती दाट आलेत गं! काय लावतेस?"

मी डोळे मिटले. आता रिठा येणार, आता जास्वंद येणार, आता गुडघ्यापर्यंत केसांची ती बाई येणार आणि आमची मिस्सा चुकणार, असं मला वाटलं. प्लासिडने घसा खाकरला.

"काही नाही," तो म्हणाला. "तिचे तिचे येतात."

आत ऑर्गन सुरू झाला होता. मी जॅक्सनचा दंड धरला आणि आम्ही आत गेलो.